विश्लेषण : शिकाऊ उमेदवार मध्येच घरी का परततात? व्हॉट्सॲप ग्रुप त्यांना टिकवू शकेल का?

आयटीआय झालेला सातपुड्यातला मुलगा चाकण, अंबड किंवा वाळूजच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतो आणि दिवाळीला किंवा होळीला गावी आला की परत जातच नाही. ‘आमच्याकडची मुले टिकत नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर हा विषय बहुतेकदा मिटवला जातो. मुले ज्या मोबाइलवर आधीपासूनच एकमेकांशी बोलत असतात, त्याचाच उपयोग करून ही गळती कमी करता येईल, असा विचार कौशल्य प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मांडला जातो. तो कितपत खरा आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो कुठे अडतो, याविषयी...

नंदुरबारच्या संदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा का?

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, त्यांपैकी हा एक. नवापूरकडचे कापड उद्योग, शहादा परिसरातला साखर उद्योग आणि नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ सोडली, तर फिटर, मशिनिस्ट किंवा वेल्डर झालेल्या मुलाला मोठ्या यंत्रांवर हात बसवता येईल असे कारखाने जिल्ह्यात थोडेच. एसटीचे आगार, महावितरण आणि रेल्वे येथील शिकाऊ जागांसाठी झुंबड असते, ती याचमुळे. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, त्यांच्यापुढे नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा सीमेपलीकडचे सुरत, अंकलेश्वर हेच पर्याय उरतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा केंद्राचा असल्याने गुजरातमधल्या कारखान्यातला करारही त्याच राष्ट्रीय पोर्टलवर होतो. नवापूरच्या मुलाला पुण्यापेक्षा सुरत जवळचे आणि भाषेनेही ओळखीचे असते, हे पुण्यातल्या नियोजनकारांच्या फारसे लक्षात येत नाही.

घर सोडून कामाला जाणे या जिल्ह्याला नवे नाही. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणारी कुटुंबे पिढ्यानपिढ्या सहा-सहा महिने पाचटाच्या खोपीत काढतात. ते जगणे कुठल्याही कारखान्यातल्या पहिल्या महिन्यापेक्षा कितीतरी खडतर असते आणि तरीही हंगाम पुरा होतो. त्यामुळे इथल्या लोकांत टिकण्याची वृत्तीच नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. ऊसतोडीत मुकादमाने दिलेल्या उचलीचा फास असतो, हे खरेच; पण आणखी एक गोष्ट असते. तिथे माणूस टोळीने जातो. बायको, भाऊ, शेजारी, चुलीवरची भाकरी, आपली बोली, आजारी पडलो तर उचलून नेणारे कुणीतरी, हे सगळे सोबत असते. शिकाऊ उमेदवार मात्र बहुधा एकटा जातो. ऑनलाइन समूहाची कल्पना तपासताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवला, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे नेमके काय?

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात १९७३, १९८६ आणि २०१४ मध्ये दुरुस्त्या झाल्या. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो. मात्र कायद्याच्या कलम १८ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. सुरक्षितता आणि अपघातातील भरपाई यांबाबत मात्र कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत रेल्वेच्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात, इतके या कागदाचे मोल आहे. बारा महिन्यांचा करार करून अकराव्या महिन्यात परतलेल्या मुलाच्या हाती यातले काहीच लागत नाही.

गळती फक्त शिकाऊ उमेदवारीतच आहे का?

नाही. आणि ती रुजू झाल्यानंतरच सुरू होते असेही नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या २०२४ मधील पहिल्या फेरीचे आकडे संसदेत मांडले गेले, ते या दृष्टीने बोलके आहेत. कंपन्यांनी १ लाख २७ हजारांहून अधिक संधी नोंदवल्या. ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव उमेदवारांना गेले. ते स्वीकारणारे २८ हजारांच्या आसपास आणि प्रत्यक्ष रुजू झालेले ८ हजार ७०० च्या घरात. घरापासूनचे अंतर, राहण्याची अडचण, वर्षभराचा मोठा कालावधी आणि कामाच्या स्वरूपात रस नसणे ही कारणे सरकारनेच दिली. जर्मनीत व्यावसायिक प्रशिक्षणाची परंपरा जुनी आणि भक्कम मानली जाते. तिथेही दर चारपैकी एक किंवा त्याहून थोडे अधिक करार मुदतीपूर्वी मोडतात. इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत शिकाऊ उमेदवारी यशस्वीपणे पूर्ण करणारे निम्म्यापेक्षा थोडेच अधिक आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांच्या माथी वेगळा शिक्का मारण्याचे कारण नाही.

मग मुले सोडतात का?

पैसा हे पहिले कारण आणि त्याला वळसा घालून कुठलीही चर्चा प्रामाणिक होत नाही. आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत दरमहा ७ हजार रुपये ठरले. आयटीआयमधला काळ हिशेबात धरून अनेक आस्थापना ७ हजार ७०० किंवा ८ हजार ५० रुपये देतात. औद्योगिक वसाहतीजवळ कॉट बेसिसवर जागा, मेस, जाण्यायेण्याचा खर्च, रिचार्ज एवढे झाल्यावर घरी पाठवायला काय उरते, याचा हिशेब कुणीही करावा. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये विद्यावेतनाची ५ ते ९ हजारांची श्रेणी ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली, ती या तक्रारीची दखल घेऊनच.

याच काळात घराजवळ दुसरा पर्याय उभा राहिला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून आयटीआय व पदविकाधारकांना दरमहा ८ हजार रुपये मिळू लागले आणि अनेकांना ते आपल्याच तालुक्यातल्या सरकारी कार्यालयात वा शाळेत बसून मिळाले. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली ही मुदत पुढे वाढवून ११ महिने करण्यात आली. शेतात राबणाऱ्या आई-वडिलांजवळ राहून ८ हजार की पुण्याजवळ आठ जणांच्या खोलीत राहून तेवढेच, यात मुलाने घराकडे कौल दिला तर तो आळशी कसा ठरतो? योजनेतून हातात कोणते कसब आले, हा प्रश्न पुढचा. पण महिन्याच्या हिशेबात तो दिसत नाही.

पैसा कधी येतो, हेही पैशाइतकेच महत्त्वाचे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दीड हजार रुपये उचलते. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या आधार-संलग्न खात्यात जमा होते. म्हणजे विद्यावेतन दोन तुकड्यांत येते. कंपनीचा वाटा एका तारखेला, सरकारचा दुसऱ्या. खाते आधारशी नीट जोडलेले नसेल तर दुसरा तुकडा अडकतो. हे आधी कुणी सांगितलेले नसते. मुलाला वाटते, कंपनीने दीड हजार कापले. तो सुपरवायझरला विचारायला बिचकतो, घरी फोन करतो आणि घरून निरोप येतो, ‘फसवत असतील तर निघून ये.’ देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला होता. त्या जिल्ह्यातली मुले आधार आणि बँक खाते यांच्या जोडणीसाठी खेटे घालतात, याची नोंद इथे केली पाहिजे.

बाकीची कारणे लहान दिसतात, पण पहिल्या महिन्यात तीच मोठी असतात. वेल्डर झालेल्याला पॅकिंगच्या लाइनवर उभे केले जाते. घरी भिलोरी, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्याच्या मराठीला कुणीतरी हसते. रात्रपाळीनंतर मेस बंद झालेली असते. सातपुड्यात वर्षाचा खरा सण होळी. त्याआधीचे भोंगऱ्या बाजार, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी या दिवसांत मुलगा गावी येणारच. पण कारखान्याच्या सुट्ट्यांच्या यादीत होळीला एखादा दिवस असतो किंवा तोही नसतो. चार दिवस न सांगता राहिलेला मुलगा पाचव्या दिवशी ओरडा खाण्याच्या भीतीने जातच नाही. त्याने उमेदवारी सोडण्याचा निर्णय घेतलेला नसतो. ती नुसतीच सुटते.

इथे ऑनलाइन समूह काय करू शकतो?

वरच्या कारणांकडे पाहिले तर समूहाच्या आवाक्यात काय येते आणि काय येत नाही, हे दिसते. विद्यावेतन वाढवणे त्याच्या हातात नाही. पण दीड हजार कापलेले नाहीत, ते वेगळे येतात आणि येत नसतील तर बँकेत नेमके काय विचारायचे, हे सांगायला मागच्या वर्षी त्यातून गेलेला एक मुलगा पुरेसा असतो. पॅकिंगला लावले तर प्रशिक्षण कार्यक्रमात काय लिहिले आहे ते कुठे पाहायचे, कोणती मेस रात्री अकरापर्यंत उघडी असते, होळीची रजा कधी आणि कशी मागायची, ही माहिती सरकारी पुस्तिकेत नसते. ती मागच्या तुकडीच्या मुलांकडे असते. आणि ती पावरीतल्या दीड मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये जितकी पोहोचते, तितकी छापील मराठीत पोहोचत नाही. टोळीत हे काम आपोआप होत असे. एकट्या गेलेल्या मुलाला तशी सोबत फोनवर मिळावी, एवढीच खरे तर या कल्पनेमागची अपेक्षा.

यात सर्वांत मोलाची वेळ कोणती, याबद्दल मात्र सर्वसाधारण समजूत चुकते. मुलगा रुजू झाला की ग्रुप करायचा, त्याला धीर द्यायचा, अशी पद्धत असते. पण आपल्याच देशातला एक अभ्यास वेगळे सांगतो.

अभ्यास काय सांगतो?

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या बिहार आणि झारखंडमधील प्रशिक्षणार्थींवर वॉरिक विद्यापीठाशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांच्या गटाने प्रयोग केला. प्रशिक्षण चालू असतानाच काही तुकड्यांसाठी माहितीची दोन सत्रे घेतली गेली. पुढे कुठे पाठवले जाईल, काम कसले असेल, पगार किती, कापला किती जाईल, राहायचे कुठे, हे सारे त्यांत स्पष्ट सांगितले. सत्रे झालेल्या तुकड्यांमधील मुले मिळालेल्या नोकरीत टिकण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. त्याचे कारण अधिक रोचक आहे. ज्यांच्या अपेक्षा अवास्तव होत्या, ते खरे कळल्यावर नोकरीवर जाण्याआधीच बाजूला झाले; आणि ज्यांना उगाच भीती वाटत होती, ते टिकले. म्हणजे फरक पडला तो आधी खरे सांगितल्यामुळे.

याच गटातील संशोधकांनी करोनाकाळात ग्रामीण युवकांचा पाठपुरावा केला, तेव्हा आणखी एक प्रयोग केला. युवासंपर्क नावाच्या, सरकारी पाठबळ असलेल्या डिजिटल मंचाची ओळख करून दिल्याने या मुलांचा नोकरीचा शोध वाढतो का, रोजगार मिळतो का, हे तपासले. अल्पकाळात तरी काही परिणाम दिसला नाही. ग्रामीण तरुण आणि शहरातला संघटित रोजगार यांच्यातली दरी मिटवायला अधिक सक्रिय प्रयत्न लागतील, विशेषतः मुलींसाठी, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. नुसते ॲप दिले, काही झाले नाही. माणसांनी समोर बसून खरे सांगितले, फरक पडला.

म्हणून नंदुरबारच्या एखाद्या आयटीआयने ग्रुप करायचाच असेल तर तो शेवटच्या सत्रात, मुले अजून वर्गात बसलेली असताना करायला हवा. निदेशकाने मागच्या दोन तुकड्यांतल्या, कारखान्यात असलेल्या आणि सोडून आलेल्याही, माजी विद्यार्थ्यांना त्यात आणावे. सोडून आलेल्यांना वगळण्याचा मोह होतो, कारण ते ‘नकारात्मक’ बोलतील. पण खोलीचे भाडे, पाळीचे तास आणि सुपरवायझरची भाषा याबद्दल सर्वांत नेमके तेच सांगू शकतात. कारखान्यातल्या मुलाने फोन हातात धरून खोली, मेस आणि गेटपर्यंतचा रस्ता दाखवला, तरी कुठल्याही समुपदेशन सत्रापेक्षा ते उपयोगी ठरेल. कारखान्याच्या आतले चित्रीकरण मात्र टाळावे. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते आणि त्यावरून मुलालाच घरी बसवले जाऊ शकते.

ग्रुप तर सगळीकडेच आहेत, मग ते का चालत नाहीत?

एखाद्या आयटीआयच्या जुन्या तुकडीचा ग्रुप उघडून पाहा. सुप्रभात, वाढदिवस, भरतीच्या जाहिराती, त्यातल्या निम्म्या खोट्या, आणि मग शांतता. प्रश्न विचारणारा असतो, उत्तर देणारा बांधील नसतो. रात्री अकराला ‘खोलीमालक काढतोय, काय करू’ असा संदेश येतो आणि त्यावर सकाळी अंगठा उमटतो. दुसरा प्रकार कंपनीच्या ग्रुपचा. त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येते, म्हणजे तो सूचनाफलक. तिसऱ्यात मुले लिहू शकतात, पण मनुष्यबळ विभागाचा माणूस आत बसलेला असतो. तिथे ‘मला पॅकिंगला लावलंय’ असे कोण लिहील?

टोळीचा विचार इथे पुन्हा उपयोगी पडतो. टोळीला मुकादम असतो. तो पिळवणूकही करतो, पण काही झाले तर कुणाकडे जायचे, हे सर्वांना ठाऊक असते. ऑनलाइन समूहाला पिळवणूक न करणारा, पण उत्तर देण्यास बांधील असा माणूस लागतो. तो कंपनीचा नसावा. आयटीआयचा निदेशक असू शकतो, मात्र मग हे काम त्याच्या कामाच्या तासांत मोजले गेले पाहिजे. आज अनेक ठिकाणी निदेशकांच्या जागाच रिक्त असताना उरलेल्यांकडून रात्री अकराच्या संदेशाला उत्तराची अपेक्षा करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. राज्यात शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणारी मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रे, म्हणजे बीटीआरआय, आयटीआयशी जोडलेली आहेत. समूहातला एक क्रमांक या केंद्राचा असावा, ही मागणी अवाजवी नाही.

जर्मनीने याचे उत्तर निवृत्त लोकांत शोधले. २००८ पासून ‘वेरा’ या उपक्रमात निवृत्त कारागीर, अभियंते, व्यवस्थापक एकेका प्रशिक्षणार्थीला स्वेच्छेने सोबत करतात. एकाला एक, आणि तो माणूस कंपनीचाही नाही, शाळेचाही नाही. एसटीच्या कार्यशाळेतून, वीज मंडळातून, रेल्वेतून निवृत्त झालेली, ज्यांनी स्वतः सातपुड्यातून बाहेर पडून नोकरी केली अशी माणसे नंदुरबार, शहादा, तळोद्यात आहेत. त्यांतल्या एकेकाने आठ-दहा मुलांची जबाबदारी घेतली, तर पाचशे सदस्यांच्या ग्रुपपेक्षा ते अधिक कामाचे.

शहराच्या टोकालाही कुणीतरी हवे. उदयपूरचा आजीविका ब्युरो दोन दशकांपासून दक्षिण राजस्थानातल्या आदिवासी स्थलांतरितांसाठी गावाकडे आणि अहमदाबाद, सुरत, मुंबईसारख्या शहरांत, दोन्हीकडे केंद्रे चालवतो. दीनदयाळ उपाध्याय योजनेतही स्थलांतर साहाय्य केंद्रांची तरतूद आहे. ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला व्हॉट्सॲप चालत नाही. जवळच्या खोलीतला, ग्रुपवरूनच ओळख झालेला मोलगीचा दुसरा मुलगा लागतो. एकाच कारखान्यात किंवा निदान एकाच वसाहतीत एका तालुक्यातली पाच-सहा मुले एकत्र पाठवली, तर ग्रुपचे निम्मे काम आधीच होते. याला पैसे पडत नाहीत, फक्त जागावाटपाच्या वेळी कुणीतरी लक्ष घालावे लागते.

नेटवर्क नसलेल्या गावांचे आणि मुलींचे काय?

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या अनेक पाड्यांवर फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. शहरात असलेल्या मुलाकडे नेटवर्क असते. अडचण घरच्यांशी संपर्काची होते आणि ‘परत ये’ हा निर्णय बहुधा घरातच होतो. केंद्राने जुलै २०२२ मध्ये सेवा न पोहोचलेल्या २४ हजार ६८० गावांना फोर-जी देण्याचा २६ हजार ३१६ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. तो प्रत्येक पाड्यावर पोहोचेपर्यंत पालकांसाठी वेगळी वाट लागेल. आठवडी बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच. त्या दिवशी आयटीआयमधून मुलाशी व्हिडीओ कॉल लावून द्यावा, कारखाना, खोली दाखवावी. आई-वडिलांनी ती जागा डोळ्यांनी पाहिलेली असली की अफवेला कमी वाव राहतो.

मुलींचा प्रश्न अधिक अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते. फोन भावाचा असेल तर ग्रुपवर मुलगी नसते, भाऊ असतो. मुलगा-मुलगी मिळून केलेल्या ग्रुपमध्ये रात्रपाळी, वसतिगृह किंवा त्रास देणाऱ्या सुपरवायझरबद्दल मुली लिहीत नाहीत आणि क्रमांक उघड झाल्याने नको ते फोन येतात, ते निराळेच. मुलींचा ग्रुप वेगळा आणि त्याची जबाबदारी स्त्रीकडे, हे किमान पथ्य आहे.

आणखी एक सावधगिरी. मुले मदतीच्या आशेने आधार, पासबुक आणि ओटीपीसुद्धा ग्रुपवर टाकतात. ‘हमखास कायम’ करून देतो म्हणून पैसे मागणारे याच ग्रुपमध्ये शिरतात. कागदपत्रे ग्रुपवर टाकायची नाहीत आणि शिकाऊ उमेदवारीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, हे दोन नियम पहिल्याच दिवशी, मुलांच्या बोलीत सांगितले गेले पाहिजेत.

प्रत्येक उमेदवार टिकलाच पाहिजे का?

टिकणाऱ्यांची टक्केवारी हेच यशाचे माप केले, तर समूह मुलांना गप्प बसवण्याचे साधन होईल, ही भीती खरी आहे. वर्षभर पॅकिंगच करायला लावणाऱ्या, सुरक्षेची साधने न देणाऱ्या ठिकाणाहून निघणे याला गळती म्हणता येणार नाही. तिथे समूहाने मुलाला थांबवू नये. नीट बाहेर कसे पडायचे ते सांगावे. कलम ७ नुसार करार संपवण्यासाठी कोणताही पक्ष शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करू शकतो. कराराच्या अटी आस्थापनेने पाळल्या नसतील तर उमेदवाराला भरपाई मिळण्याची तरतूद त्यात आहे आणि करारातून उद्भवलेले वाद कलम २० खाली याच सल्लागारापुढे नेता येतात. न सांगता निघून आलेल्या मुलाचा करार पोर्टलवर उघडाच राहतो आणि दुसरीकडे संधी मिळाली की तोच आडवा येतो.

होळी संपून आठवडा झाला, मुलगा अजून गावीच आहे आणि कंपनीचा फोन तो उचलत नाही. समूहाची खरी कसोटी तिथे असते. परत जायचे असेल तर सुपरवायझरशी त्याच्या वतीने कुणी बोलावे आणि जायचे नसेल तर कलम ७ चा अर्ज त्याच्यासोबत बसून कुणी भरून द्यावा, याचे उत्तर ग्रुपमधल्या एका नावाशी जोडलेले असले पाहिजे.